पुण्यातली सामायिक ऑफिसे आणि जोखमीचा भार

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत अभ्यासिकांचा धंदा चांगला रुजलेला आहे. एखाद्या इमारतीच्या मजल्यावर ओळीने टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलाला आडोसा, दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि सामानासाठी लॉकर. बीड, लातूर, सोलापूर, नंदुरबारहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुले महिन्याच्या बोलीवर यातली एक जागा घेतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला खोलीवर अभ्यास होत नाही आणि स्वतंत्र खोली परवडत नाही. परीक्षा झाली किंवा गावी परतायचे ठरले, की पुढच्या महिन्याचे पैसे भरायचे नाहीत, एवढ्यावर व्यवहार मिटतो. गेल्या दहा वर्षांत बाणेर, बालेवाडी, खराडी, विमाननगर आणि येरवडा भागांत हाच व्यवहार कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. तिथे टेबलाला सीट म्हणतात आणि चालवणाऱ्याला ऑपरेटर. बसणाऱ्यांत एकट्याने काम करणारा डिझायनर असतो, तसा परदेशी बँकेचा तीनशे जणांचा विभागही असतो. या जागांबद्दल लिहिताना बहुतेकदा कॉफी मशीन, रंगीत भिंती आणि तरुण उद्योजकांच्या गप्पा यांचेच वर्णन येते. त्याने मूळ व्यवहार झाकला जातो. जागा लवकर सोडून जाण्याची मुभा हा इथला खरा माल आहे. ही मुभा एकाला मिळते तेव्हा अडकून राहण्याचा भार दुसऱ्या कुणीतरी उचललेला असतो. तो कोण उचलतो आणि त्याबदल्यात शहराच्या पदरात काय पडते, यावर या वाढीचे मोल ठरवायला हवे.

यासाठी ऑफिस भाड्याने घेण्याची नेहमीची रीत आधी पाहू. व्यापारी इमारतीतली जागा साधारण पाच ते नऊ वर्षांच्या कराराने मिळते. त्यातली पहिली तीन वर्षे बहुधा लॉक-इन असतात, म्हणजे धंदा बसला तरी तेवढ्या काळाचे भाडे चुकत नाही. दर तीन वर्षांनी पंधरा टक्के भाडेवाढ किंवा दरवर्षी पाच टक्के, हा रूढ दर. अनामत सहा महिन्यांच्या भाड्याएवढी, कधी त्याहून जास्त. एवढे करून हाती येते ती अनेकदा कोरी जागा. फरशी, छत, वायरिंग, एसी, फर्निचर, अग्निशमनाची पाइपलाइन हे सगळे भाडेकरूने आपल्या खर्चाने करायचे आणि काही करारांत तर जाताना ते उखडून जागा होती तशी करून द्यायची. स्थिर धंद्याला ही रीत जमते. पुढच्या वर्षी माणसे दहा असतील की चाळीस, हे ज्याला आज ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती फार अवघड आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. वीस माणसांच्या कंपनीला १,५०० चौरस फूट जागा हवी आहे. भाडे चौरस फुटाला ८० रुपये धरले तर महिना १,२०,००० रुपये होतात. देखभाल, वीज, इंटरनेट, साफसफाई आणि फोन घ्यायला बसणारे माणूस मिळून आणखी साठ हजार. महिन्याचा खर्च १,८०,०००. सामायिक ऑफिसात सीटला ११,५०० रुपये दराने वीस जणांचे २,३०,००० होतात, म्हणजे दरमहा पन्नास हजार जास्त. हे महाग वाटेल. पण स्वतःच्या जागेसाठी अनामतीचे ७,२०,००० रुपये आधीच द्यावे लागतात आणि चौरस फुटाला दोन हजार रुपयांनी सजावट केली तरी ३० लाख खर्च होतात. सामायिक जागेत तीन महिन्यांची अनामत, म्हणजे ६,९०,००० रुपये भरले की सोमवारी काम सुरू. सजावटीचे ते ३० लाख दरमहा वाचणाऱ्या पन्नास हजारांतून फिटायला साठ महिने लागतात. तेव्हा त्याच जागेत पाच वर्षांहून अधिक राहण्याची ज्याला खात्री आहे, त्याने स्वतःचे ऑफिस थाटावे. ज्याला नाही, त्याने ते पैसे माणसांच्या पगारात आणि मालात घालावेत. दर बदलले तर ही सीमा चार वर्षांवर येईल किंवा सातवर जाईल, पण ती कुठेतरी असतेच. सामायिक ऑफिस महाग की स्वस्त हा प्रश्न मुदत सांगितल्याशिवाय सोडवता येत नाही.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. मुंबईच्या फोर्टमध्ये दलाल, वकील आणि क्लिअरिंग एजंट एका खोलीतली टेबले आणि एकच टेलिफोन वाटून घेत. १९९० च्या सुमारास केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली, तेव्हा बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुण्यालाही पहिल्या केंद्रांत स्थान मिळाले. उपग्रहाद्वारे परदेशाशी जोडणारी महागडी लाइन एकेका छोट्या कंपनीला परवडणारी नव्हती. ती सर्वांना वापरू देणे आणि शेजारी बसायला तयार जागा देणे, हे या योजनेच्या कामातच होते. जगात या धंद्याला मोठे रूप दिले ते मार्क डिक्सन यांनी १९८९ मध्ये ब्रुसेल्सला सुरू केलेल्या रीगसने. २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकेकट्याने काम करणाऱ्यांसाठी जागा उघडली, तिथून को-वर्किंग हा शब्द पसरला. २०१० मध्ये न्यूयॉर्कला वीवर्क निघाली. आपल्याकडे लाट आली ती २०१५ नंतर. ऑफिस आणि इंडीक्यूब या कंपन्या २०१५ च्या, स्मार्टवर्क्स २०१६ ची, आणि बंगळुरूच्या एम्बसी समूहाबरोबर वीवर्क भारतात आली २०१७ मध्ये. यातली ‘ऑफिस’ ही अमित रमाणी यांनी सुरू केलेली कंपनी, तिचे नावच तसे आहे. २०२४ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांत भाड्याने गेलेल्या ऑफिसच्या जागेपैकी साधारण पाचवा हिस्सा अशा ऑपरेटरांनी घेतला होता.

या पाचव्या हिश्शात कोण बसते, हे पाहिले म्हणजे रूढ समजुतीला धक्का बसतो. एकेकट्या व्यावसायिकांचे आणि नवउद्योजकांचे चित्र जाहिरातीला शोभते, पण सीटांचा मोठा वाटा बड्या कंपन्या घेतात. एखादी अमेरिकन विमा कंपनी पुण्यात तंत्रज्ञान केंद्र काढायचे ठरवते. तिला इथले बिल्डर, महापालिकेचे परवाने, सुतार, इलेक्ट्रिशियन यांपैकी काहीच माहीत नसते. ती ऑपरेटरला सांगते की तीन महिन्यांत दोनशे माणसांची जागा हवी, आमच्या रंगात, आमच्या सुरक्षा नियमांनुसार, आणि पुढे पाचशेपर्यंत वाढता आली पाहिजे. ऑपरेटर अख्खा मजला तिच्यासाठी तयार करतो, चालवतो आणि सीटमागे पैसे घेतो. धंद्यात याला मॅनेज्ड ऑफिस म्हणतात. बहुराष्ट्रीय कंपन्यांची अशी केंद्रे २०२४ मध्ये भारतात १,७०० च्या वर होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण आहे. इथे कुणी अनोळखी शेजाऱ्याबरोबर टेबल वाटून घेत नाही. सामायिक असते ती लिफ्ट, उपाहारगृह, मोठी बैठकीची खोली आणि चालवण्याची यंत्रणा. तरीही व्यवहाराचा गाभा तोच राहतो. मालकाशी लांब मुदतीचे बंधन ऑपरेटरचे आणि ऑपरेटरशी तुलनेने छोट्या मुदतीचे बंधन वापरणाऱ्याचे.

सर्वात गंभीर आक्षेप इथेच येतो. लांब मुदतीने घ्यायचे आणि छोट्या मुदतीने विकायचे, हा धंदा चढत्या काळात उत्तम चालतो आणि मंदीत बुडतो, असे टीकाकार म्हणतात. त्यांच्या बाजूने इतिहासही आहे. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर रीगसच्या अमेरिकेतल्या व्यवसायाला २००३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. वीवर्कची गोष्ट तर जगजाहीर आहे. जानेवारी २०१९ मध्ये तिचे मूल्य ४७ अब्ज डॉलर लावले गेले. त्याच वर्षी शेअर विक्रीसाठी तिने जी कागदपत्रे दाखल केली, त्यांत पुढच्या वर्षांत इमारतमालकांना द्यायच्या भाड्याचा आकडाही सुमारे ४७ अब्ज डॉलरच होता, आणि त्यासमोर ग्राहकांनी करारात कबूल केलेले पुढचे उत्पन्न होते सुमारे ४ अब्ज. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. सप्टेंबरमध्ये शेअर विक्री मागे घ्यावी लागली, २०२० मध्ये साथ आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२४ च्या जूनमध्ये ती बाहेर पडली ती अनेक इमारती सोडून आणि उरलेल्यांची भाडी नव्याने ठरवून. म्हणजे जोखीम शेवटी फिरून इमारतमालकांवर आणि गुंतवणूकदारांवर आली.

भारतातल्या कंपन्यांनी यातून धडा घेतला, असे काही पुराव्यांवरून म्हणता येते. मॅनेज्ड ऑफिसचे ग्राहक महिन्याच्या बोलीवर बसत नाहीत. त्यांचे करार दोन-तीन वर्षांच्या लॉक-इनचे असतात, त्यामुळे येणे आणि देणे यांच्या मुदतींतली दरी वीवर्कएवढी रुंद राहत नाही. ऑफिस या कंपनीने तर बऱ्याच जागा वेगळ्या तत्त्वावर घेतल्या. जागामालकानेही सजावटीच्या खर्चात वाटा उचलायचा आणि ठरलेल्या भाड्याऐवजी उत्पन्नात भागीदारी घ्यायची. शेतीतल्या बटईसारखाच हा सौदा आहे. पीक चांगले आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. २०२४ च्या मे महिन्यात ही कंपनी शेअर बाजारात आली. स्मार्टवर्क्स आणि इंडीक्यूब २०२५ च्या जुलैत, वीवर्क इंडिया त्याच वर्षी ऑक्टोबरात. बाजारात आल्याने त्यांचे हिशेब आता कुणालाही वाचता येतात, ही मोठी सोय झाली. २०२४-२५ या वर्षात ऑफिसने सुमारे १,२०० कोटी रुपयांच्या उत्पन्नावर ६८ कोटींच्या आसपास नफा दाखवला. स्मार्टवर्क्सचे उत्पन्न १,३७० कोटींच्या घरात होते आणि तोटा ६३ कोटींच्या. हा तोटा हिशेबाच्या पद्धतीतून येतो, असे या कंपन्या सांगतात. एप्रिल २०१९ पासूनच्या लेखा मानकाप्रमाणे लांब मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात कर्जासारखे दाखवावे लागतात आणि सुरुवातीच्या वर्षांत खर्च जास्त दिसतो. हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ते मानक आणण्यामागचा हेतू लक्षात ठेवायला हवा. दहा वर्षे भाडे देण्याचे वचन हे कर्जच आहे आणि ते वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. म्हणून माझे मत असे की या धंद्याला बुडबुडा म्हणणे चूक आहे आणि निर्धोक म्हणणेही तितकेच चूक. परदेशी कंपन्यांच्या केंद्रांची वाढ मंदावली तर आज भरलेले मजले रिकामे होतील, आणि ती परीक्षा अजून व्हायची आहे.

दुसरा आक्षेप साथीच्या काळातला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सर्वात आधी रिकाम्या झाल्या त्या महिन्याच्या बोलीवरच्या सीटा. घरून काम होते हे सिद्ध झाल्यावर भाड्याची खुर्ची कुणाला लागेल, असे तेव्हा विचारले जात होते. घडले उलटे. आठवड्यातले दोन-तीन दिवसच माणसे येणार असतील तर शंभर जणांसाठी शंभर टेबलांचे स्वतःचे ऑफिस बाळगणे कंपन्यांना नकोसे झाले. किती माणसे कधी येतील हे सांगता येत नसल्याने कमी मुदतीच्या जागेची मागणी वाढली. कामगारांच्या बाजूनेही कारण आहे. दोन खोल्यांच्या घरात आई-वडील, मुले आणि कॉलवर बोलणारे नवरा-बायको अशी गर्दी असते, तिथे घरून काम म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप. बाईच्या बाबतीत तर घरी बसलेली म्हणजे मोकळीच, असे घरातली माणसेच धरून चालतात. घरापासून पंधरा मिनिटांवर चार भिंतींची एक जागा असणे, ही अनेकींच्या नोकरीसाठी निर्णायक गोष्ट ठरू शकते.

सामायिक ऑफिसांकडून शहराने काय मागावे, याचे उत्तर या पंधरा मिनिटांत आहे, असे मला वाटते. पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाची मांडणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीच्या एका मोठ्या वसाहतीभोवती झाली. एमआयडीसीने जमीन घेतली, कंपन्यांनी आपापली आवारे बांधली आणि कोथरूड, हडपसर, कात्रज, धायरीत राहणारी माणसे रोज दोन वेळा शहर ओलांडू लागली. हिंजवडी आणि माण ही गावे ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहिली, त्यामुळे कर, रस्ते, नाले आणि कचरा यांची जबाबदारी एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायती यांच्यात विखुरली. इथली वाहतूक कोंडी आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी हे त्याचेच फळ. मोठे आवार एकदा बांधले की पन्नास वर्षे तिथून हलत नाही. सामायिक ऑफिस मात्र पाचशे सीटांचे, शंभर सीटांचे, अगदी तीस सीटांचेही निघू शकते. एकच कंपनी हडपसरला साठ, वारजेला चाळीस आणि चिंचवडला ऐंशी सीटा घेऊ शकते. काम माणसाच्या दिशेने सरकण्याची शक्यता पहिल्यांदाच या व्यवहाराने निर्माण केली आहे.

शक्यता आणि वस्तुस्थिती यांत मात्र फार अंतर आहे. ऑपरेटर तिथेच जातात जिथे बड्या ग्राहकाला दाखवायला चकचकीत इमारत मिळते. म्हणून बाणेर-बालेवाडी, खराडी आणि विमाननगर या मोजक्याच पट्ट्यांत जागांवर जागा उघडतात आणि सिंहगड रस्ता, धनकवडी, कोंढवा, भोसरी या दाट वस्त्यांच्या वाट्याला थोड्याच येतात. बाणेर रस्त्यावर संध्याकाळी सहाला काय स्थिती असते, ते पुणेकराला सांगायला नको. सामायिक ऑफिसांनी तिथे गर्दी कमी केलेली नाही, उलट दाटीने बसवलेल्या सीटांमुळे त्याच चौरस फुटांत जास्त माणसे आणि जास्त दुचाकी आल्या. इमारतीचे पार्किंग ज्या हिशेबाने मंजूर झाले, तो हिशेब कमी दाटीच्या जुन्या ऑफिसांचा होता. टीकाकारांचे हे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. त्यावरचा उपाय जागांचे ठिकाण बदलण्यात आहे आणि बाजार तो आपणहून करणार नाही. सर्वात महागड्या पट्ट्यात सर्वात मोठा ग्राहक गाठणे हेच ऑपरेटरच्या फायद्याचे आहे.

तिसरा आक्षेप कामगार चळवळीतून येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. आज टेबल महिन्याच्या बोलीवर, उद्या माणूसही महिन्याच्या बोलीवर. ऑफिस तीन महिन्यांत गुंडाळता येत असेल तर नोकऱ्या गुंडाळणेही सोपे होते, ही भीती निराधार नाही. स्वतःची इमारत असलेल्या कंपनीला शहर सोडणे जड जाते. पण कंत्राटी नोकरभरती आणि कामावरून काढणे हे सामायिक ऑफिसांच्या आधीपासून चालू आहे, आणि मोठी आवारे बाळगणाऱ्या कंपन्यांनीही हजारोंना घरी पाठवले आहे. जागेचा करार लांब असला म्हणून नोकरी टिकते, असा अनुभव नाही. नोकरीच्या सुरक्षेचा लढा नोकरीच्या कायद्यांत लढावा लागेल. मात्र इथे एक वर्ग खरोखरच नजरेआड होतो. साफसफाई करणाऱ्या बाया, पँट्रीतली मुले, सुरक्षारक्षक पूर्वी निदान एका कंपनीच्या आवारात काम करत. आता ते एजन्सीचे, एजन्सी ऑपरेटरची, आणि ज्यांची टेबले ते पुसतात त्या चाळीस कंपन्यांपैकी कुणाशीच त्यांचे नाते नाही. त्यांचा पगार वेळेवर झाला नाही तर दाद कुणाकडे मागायची, याचे उत्तर तीन दारांत फिरत राहते.

जबाबदारीची अशी फाटाफूट स्त्रियांच्या सुरक्षेबाबतही होते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकावर अंतर्गत समिती नेमण्याचे बंधन घातले. सामायिक ऑफिसात चार-पाच माणसांच्या अनेक कंपन्या असतात, त्यांच्यावर हे बंधन नाही. त्यांच्याकडच्या स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते आणि ही समिती कुठे बसते हे तिला बहुधा माहीत नसते. त्रास देणारा शेजारच्या टेबलावरचा, दुसऱ्याच कंपनीचा असेल तर गुंता वाढतो. कायदा मात्र इतका आंधळा नाही. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी तो मालकावर टाकतो. स्थानिक समितीचा पत्ता आणि तक्रारीची रीत प्रत्येक मजल्यावर लावणे आणि तक्रार आल्यास कॅमेऱ्यांचे चित्रण व प्रवेशाची नोंद जपून ठेवणे, एवढे ऑपरेटरांना बंधनकारक करायला काहीच अडचण नसावी. आगीबाबतही तसेच. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. लोअर परळच्या कमला मिल आवारात २०१७ च्या डिसेंबरात आग लागून १४ जण गेले. आग तिथल्या उपाहारगृहांत लागली होती, पण जुन्या जागेत नवी दाटी भरताना बाहेर पडण्याच्या वाटा किती सहज विसरल्या जातात, हे तिने दाखवले. दर काही महिन्यांनी काचेच्या भिंती हलवणाऱ्या मजल्यावर तर हा नकाशा सतत बदलत असतो.

आता सर्वात छोट्या ग्राहकाकडे वळू, कारण जोखमीच्या वाटपात तोच सर्वात उघडा पडतो. भाडेकरूला संरक्षण देणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सामायिक ऑफिसातल्या सीटेपर्यंत पोहोचत नाही. सीट घेणारा हा भाडेकरू नसून परवानगीने बसणारा असतो, आणि अनेक करार तर निव्वळ सेवेचे असतात. जागामालक आणि ऑपरेटर यांच्यातला करारही बहुधा या कायद्याबाहेर राहतो, कारण एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. परिणाम असा की ऑपरेटरने भाडे थकवले आणि मालकाने टाळे लावले, तर वेळेवर पैसे भरणाऱ्या पाच जणांच्या कंपनीचे संगणक आत आणि माणसे बाहेर, अशी पाळी येऊ शकते. मालकाशी तिचा काहीच करार नसतो, अनामत ऑपरेटरकडे अडकलेली असते, आणि जीएसटीच्या नोंदणीवरचा पत्ताही त्याच दाराचा असतो. परदेशी बँक आपल्या वकिलांकडून यावर तोड काढून घेते. चार जणांची वास्तुविशारद फर्म किंवा नुकताच व्यवसाय सुरू केलेला सीए ते करू शकत नाही. जोखीम पेलण्याच्या नावाखाली जे पैसे घेतले जातात, ते या छोट्यांकडून सीटमागे जास्त दराने येतात, आणि संकटात संरक्षण मात्र मोठ्यांना मिळते. मला या साऱ्या व्यवहारातला हा सर्वात मोठा अन्याय वाटतो.

तो दूर करणे सरकारच्या आवाक्यात आहे. राज्याने सामायिक ऑफिसांसाठी एक नमुना करार ठरवून द्यावा. त्यात ऑपरेटरची मूळ मुदत किती उरली आहे ते लिहिलेले असावे, छोट्या ग्राहकाची अनामत वेगळ्या खात्यात ठेवलेली असावी, आणि टाळे लागण्यापूर्वी सामान हलवायला निदान तीस दिवस मिळावेत. महापालिकेने आपल्या मंडयांचे आणि व्यापारी संकुलांचे पडून असलेले मजले यासाठी द्यावेत, त्यातही आधी सिंहगड रस्ता, हडपसर, धनकवडी अशा राहत्या भागांतले. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे मेट्रोचे दोन मार्ग सप्टेंबर २०२४ पर्यंत जोडले गेले आहेत. स्थानकांतल्या व्यापारी जागा कपड्यांच्या आणि खाण्याच्या दुकानांना देताना काही मजले अशा ऑफिसांसाठी राखावेत, आणि त्यांतला ठरावीक हिस्सा दहापेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांसाठी. एमआयडीसीने भोसरीत आणि इतरत्र लहान कारखानदारांसाठी तयार गाळे उभे केले, ते याच विचाराने. स्वतःची शेड बांधण्याची ऐपत नसलेल्या हुशार माणसाचे काम अडू नये. टेबलावर बसून काम करणाऱ्यांसाठी तो विचार पुढे नेण्यात काहीच गैर नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सीट घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी तीन कागद मागावेत. इमारतमालक आणि ऑपरेटर यांच्या कराराची मुदत दाखवणारे पान, आपला पत्ता नोंदणीसाठी वापरण्याला मालकाची लेखी संमती आणि शेवटच्या सहामाहीचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र. मूळ कराराची उरलेली मुदत आपल्या मुदतीपेक्षा कमी असेल, किंवा यातला एकही कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर दर कितीही आकर्षक असला तरी ती जागा घेऊ नये.